सोबतीचं माणूस

तिने आपल्याच दुकानाचा नंबर फिरवला आणि मोबाइल कानाशी धरून ठेवला. पलीकडे घंटी वाजत राहिली. वाजणारच, दुकान सकाळपासून बंद होतं आणि उचलायला आत होतं कोण, तर भिंतीवर टांगलेल्या शेकडो किल्ल्या. समोर नर्स हातात हिरवा झगा घेऊन उभी होती, म्हणून तिने चेहऱ्यावर थोडी काळजीही आणली.

"उचलत नाहीये," ती म्हणाली. "भाऊ आहे माझा. गाडी लावायला गेलाय."

नर्स दिसायला कालची पोर होती, पण असे गाडी लावायला गेलेले भाऊ तिने पुष्कळ पाहिले असावेत. तिने झगा घडी करून परत कपाटात ठेवला. आतड्यात दुर्बीण घालून करायची ही तपासणी झोपेचं इंजेक्शन देऊन करतात, नंतर माणसाला दिवसभर गुंगी असते, घरी न्यायला कोणी नसेल तर डॉक्टर हातच लावत नाहीत, असं तिने चांगल्या शब्दांत सांगितलं. टॅक्सीवाला चालतो का, असं विचारल्यावर ती हसली. मग कार्डावर पुढच्या गुरुवारची तारीख घातली.

"काकू, घरातलं कुणीतरी आणा. सोबत माणूस लागतंच."

दोन दिवस पातळ पेजेसारखं काहीबाही पोटात ढकललं होतं, ते खारट औषध नाक दाबून प्यायलं होतं, ते सगळं पाण्यात गेलं. ती जिना उतरली आणि सरळ दुकानात येऊन बसली. दुकान कसलं, जिन्याखालची फळी. नवऱ्याने चालवलेलं, चार वर्षांपूर्वी तो गेल्यावर हिने हाती घेतलेलं. लोक तिला किल्लीवालीच म्हणत. अर्ध्या शहराची दारं तिच्या हातून उघडली होती. किल्ली आत विसरून बाहेर अडकलेली माणसं तिला देवासारखा मान देत आणि दार उघडलं की तिच्या तोंडावर लावून घेत. यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी तिला गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, मग पंचवीस शेक, म्हणजे रेडिएशन. पाच वर्षं काही निघालं नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता वर्षातून एकदा या. नवऱ्याने त्यातलं "एकदा या" ऐकलंच नाही. तो घरी येईपर्यंत नुसता "सुटलो, सुटलो" म्हणत होता. ती एक-दोन वर्षं जाऊन आली. तो गेल्यावर तेही राहिलं. आता दोन महिने शौचाला रक्त पडत होतं आणि तिने ते मूळव्याधीच्या नावावर खपवलं होतं.

"म्हणजे तोच परत आला?" तिने डॉक्टरांना विचारलं होतं.

"तसं नाही. तो गेला. पण ज्यांना तो होऊन गेलाय, त्यातही तुमच्यासारखे शेक दिलेत, त्यांना पुढे आतड्याचा, मूत्राशयाचा असा दुसराच, नवा होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा थोडा जास्त असतो. होतोच असं नाही. पण बघत राहायला हवं."

"किती वर्षं?"

"कायमच."

ज्या शेकांनी जीव वाचवला त्यांच्यावर रागावताही येत नव्हतं. तिला भीती वाटली, पण त्याही आधी फार एकटं वाटलं. घरी जाऊन हे कुणाला सांगायचं, याचं उत्तर दवाखान्याच्या दारातच संपत होतं.

माणूस आणायचं कुठून? शेजारचा चप्पलवाला आनंदाने आला असता. पण त्याच्या कानावर पडलेलं संध्याकाळपर्यंत पार बाजाराच्या टोकाला पोहोचायचं. बहीण सातासमुद्रापार. मूलबाळ नाही. बोटांवर मोजून झालं आणि शेवटी एकच बोट उरलं, ते थोरल्या जाऊबाईंचं. तिने ते मुडपलं, पुन्हा उघडलं.

जाऊबाईंचा आणि तिचा अकरा वर्षांचा अबोला होता. त्या वर्षीच्या मार्चमध्ये थोरले दीर झोपेतच गेले. ती शेक घेत होती, उभं राहिलं तरी पाय लटपटायचे. तरी येते म्हणाली. नवरा म्हणाला, तुझं तोंड बघून सगळ्यांना कळेल, त्यांच्या दुःखात आपलं कशाला. शिवाय त्या आजाराचं नाव थोरल्या माणसांपुढे कसं काढायचं, हेही होतंच. तो एकटा गेला. ती का नाही आली, असं विचारल्यावर त्या भल्या माणसाला खोटंही धड बोलता येईना. म्हणाला, दुकान बंद ठेवता येत नाही.

जाऊबाईंनी ते वाक्य गाठीला बांधलं. "तिला माणसापेक्षा कुलूप जवळचं," असं त्या चारचौघांत म्हणाल्या आणि ते फिरत फिरत हिच्यापर्यंत आलं. खरं तेव्हाच सांगायला हवं होतं. महिना उलटला, वर्ष उलटलं, मग हिलाही हट्ट चढला. नवरा गेला तेव्हा जाऊबाई आल्या, कोपऱ्यात बसल्या आणि पाण्याच्या घोटालाही न शिवता उठून गेल्या.

रविवारी सकाळी ती त्यांच्या दारात उभी राहिली. कुलपाला तेल हवंय, हे तिला बेल दाबण्याआधीच दिसलं. जाऊबाई अगदी पिकल्या होत्या. दार उघडून त्या नुसत्या बघत राहिल्या. या म्हणाल्या नाहीत की जा म्हणाल्या नाहीत.

"ताई, गुरुवारी दवाखान्यात जायचंय. पोटाची तपासणी आहे. सोबत माणूस लागतं." तिने उंबऱ्याबाहेरूनच सांगून टाकलं.

"गुरुवारी?" जाऊबाई म्हणाल्या. "दुकान बंद ठेवणार?"

"हो."

जाऊबाईंनी पदराने चष्मा पुसला. पुसायला त्यावर काही नव्हतं.

"किती वाजता?"

गुरुवारी त्या सांगितल्या वेळेच्या अर्धा तास आधीच टॅक्सी घेऊन खाली हजर होत्या. पिशवीत विणकाम होतं. वाटेत दोघी आपापल्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. दवाखान्यात जाऊबाईंनी खुर्ची पकडली आणि सुया चालू केल्या. तीच नर्स आली, सोबतीचं माणूस पाहून खूश झाली आणि जुनी फाइल मागून घेतली. किल्लीवालीने ती देताना जाऊबाईंकडे चोरून पाहिलं. त्यांना बाहेर बसा म्हणता आलं असतं. ज्यांना हात जोडून आणलं त्यांना बाहेर कसं बसवायचं, असा विचार करेपर्यंत नर्सने वाचायला सुरुवातही केली होती.

"गर्भाशयाचा कॅन्सर. ऑपरेशन जानेवारीत. मग रेडिएशन, पंचवीस वेळा. चार मार्च ते पाच एप्रिल. बरोबर?"

"बरोबर," ती हळू म्हणाली.

नर्सने सालही वाचलं.

सुया थांबल्या. जाऊबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं आणि मनातल्या मनात काहीतरी मोजल्यासारखे त्यांचे ओठ हलले.

"एकोणीस मार्चला होतं का त्यात?" त्यांनी नर्सला विचारलं.

नर्सने पान उलटलं. एका जुन्या तक्त्यावर रोजच्या सह्या होत्या.

"एकोणीस... हो. बारावं. सकाळी दहा वाजता."

"दहा वाजताच नेलं त्यांना," जाऊबाई म्हणाल्या. ते कुणाला उद्देशून नव्हतं. मग त्या तिच्याकडे वळल्या. "तो तर म्हणाला, दुकान बंद ठेवता येत नाही."

"दुकान पाच आठवडे बंद होतं, ताई."

एवढ्या वर्षांत जाऊबाई बाजारात शंभरदा गेल्या असतील, पण खरंखोटं करायला दुकानाच्या गल्लीत एकदाही वळल्या नव्हत्या, हे दोघींनाही ठाऊक होतं. आतून हाक आली. नर्सने झगा दिला. किल्लीवाली उठली तेव्हा जाऊबाईंनी हात पुढे केला.

"घराची किल्ली दे. गुंगीत तुला कुठे सापडणार."

तिने कमरेची किल्ली सोडून दिली. दुसरी नव्हती. लोकांना जोड्यांनी किल्ल्या करून देणाऱ्या या बाईला स्वतःसाठी दुसरी करावीशी कधी वाटलीच नव्हती, द्यायची कुणाला?

तपासणीत एक छोटी गाठ निघाली. डॉक्टरांनी ती काढली आणि तपासायला पाठवली. काय आहे ते मंगळवारी कळेल, असं ते दोघींना म्हणाले. पण ऐकलं ते जाऊबाईंनीच, कारण दुसरीचं डोकं त्यांच्या खांद्यावर कलंडलं होतं. घराशी पोहोचल्यावर लॅच काही केल्या उघडेना.

"जरा वर उचलून फिरवायची," ती गुंगीतच म्हणाली.

"किल्लीवालीचं घर आणि हे असलं लॅच," जाऊबाई पुटपुटल्या. "दिव्याखाली अंधार तो हाच."

ती झोपली. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. उशाशी पाण्याचा पेला झाकून ठेवलेला, शेजारी वाटीत मऊ भात. जाऊबाई गेल्या होत्या. दाराजवळच्या खिळ्यावर किल्ली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सवयीने आवरून तयार झाली आणि दारापाशी थबकली. ओढून घेतलं की दार बंद होणार, ते उघडायला किल्ली लागणार. तसं म्हटलं तर हे लॅच तिने एका तारेने दोन मिनिटांत उघडलं असतं. शहरातलं कुठलंही उघडलं असतं. जाऊबाई किल्ली विसरल्या की मुद्दाम घेऊन गेल्या, हे विचारायला फोनही होता. तो तिने उचलला नाही. पिशवी खाली ठेवून ती खुर्चीवर बसली.

नऊ वाजले. दुकान उघडायची वेळ झाली आणि टळली. चप्पलवाल्याचा फोन आला, गिऱ्हाईक उभं आहे म्हणाला. आज बंद, असं तिने सांगितलं. कधी उघडणार, तर म्हणाली, बघू. झोपण्याआधी जाऊबाईंनी दोनदा सांगितलेल्या मंगळवारचा विचार मनात येत होता, जात होता.

दहाच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, मध्ये एकदा थांबून. दारात किल्ली शिरली, अडली. मग कुणीतरी ती जरा वर उचलली आणि फिरवली. आपण आत असताना बाहेरून किल्ली फिरल्याचा आवाज तिने चार वर्षांत ऐकला नव्हता. ती उठली नाही. दार त्यांनाच उघडू दिलं.