अकरावा रकाना

दादाने अर्जातला अकरावा रकाना तिसऱ्यांदा रिकामा सोडला, तेव्हा मला त्याचा संशय आला.

एकदा राहून जाणं मी समजू शकते. दुसऱ्यांदा त्याला फोन आला होता. पण तिसऱ्यांदा त्याने दहावा रकाना भरला, पेनाला टोपण लावलं, ते पुन्हा काढलं आणि थेट बारावा भरायला घेतला. बावीस वर्षं वकिलाच्या ऑफिसात कारकुनी केलेला माणूस असा चुकून रकाना सोडत नाही.

अकराव्यात एकच प्रश्न होता: हा पुरावा खटल्याच्या वेळी का सादर केला नाही?

"ते साहेबांना विचारून भरू," तो म्हणाला.

"त्यात विचारायचं काय? तेव्हा काट्याच्या दुरुस्तीची पावती आपल्याकडे नव्हतीच."

"आत्ता तरी कुठे आहे? आधी मिळू तर दे."

नऊ वर्षांपूर्वी मी औषधी गोळ्यांच्या एका कारखान्यात वजनं तपासायचे. एक अख्खी खेप वजनाला कमी भरली, बाहेर बोंब झाली, आणि नोंदवहीत त्या दिवसाचं पान निघालं: वजनं बरोबर, खाली माझी आद्याक्षरं. ते पान मी लिहिलेलं नव्हतं. त्यातली वजनं दशांश चिन्हापुढे चार आकड्यांपर्यंत होती. चार आकडे दाखवणारा आमचा बारीक काटा त्या आठवड्यात दुरुस्तीला गेला होता. उरलेला काटा तीनच दाखवायचा. शिवाय पान फार स्वच्छ होतं. आमच्याकडे चूक झाली की तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला आद्याक्षरं आणि तारीख. माझ्या हातची दर पानाला एक तरी रेघ असायचीच. त्या पानावर एकही नव्हती.

व्यवस्थापकाने माझ्यावर खोट्या नोंदीची तक्रार केली आणि काटा दुरुस्तीला गेलाच नव्हता, असं कोर्टात सांगितलं. दादा काटेवाल्याकडे जाऊन आला आणि म्हणाला, "म्हातारा वारला, दुकान बंद आहे. तू कबूल कर, दंडावर सुटशील." मी कबूल केलं. दंडावर सुटले. त्यानंतर कुठल्याच प्रयोगशाळेने मला दारात उभं केलं नाही. आता एका कॉलेजात काचेची भांडी धुते. तिथेच तपासनिसाची जागा निघाली आहे. महिनाअखेरपर्यंत अर्ज करायचा, आणि त्यात पहिलाच प्रश्न शिक्षा झाली आहे का, हा. ती रद्द करण्याचा अर्ज दाखल झाल्याची पोच जोडली, तर माझा विचार करू असं प्राचार्यबाई म्हणाल्या होत्या.

पावतीचं माझ्या डोक्यात आलं ते कॉलेजातल्या काट्यामुळे. टेबल पुसताना तो उचलला, तर खाली त्याच काटेवाल्याची चिठ्ठी चिकटवलेली. तपासणीची तारीख गेल्या महिन्यातली. दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "मुलगा चालवत असेल." म्हाताऱ्याला मुलगा आहे हे त्याला कसं माहीत, हे मी विचारलं नाही. लक्षात ठेवलं.

शनिवारी त्याला न सांगता मी दुकानात गेले. काचेच्या पेटीत काटा, चिमट्याने धरलेलं वजन, आणि त्यामागे म्हातारा स्वतः.

"काका, तुम्ही वारलात असं ऐकलं होतं," मी म्हणाले.

"कोणी सांगितलं?" त्यांनी वजन खाली ठेवलं. "घरी कळवायला हवं. अजून जेवायला वाढतायत."

पावत्यांची जुनी पुस्तकं त्यांनी पत्र्याच्या कपाटात वर्षवार लावून ठेवली होती. कार्बनची प्रत दहा मिनिटांत सापडली. काट्याचा क्रमांक, आत आल्याची तारीख, परत गेल्याची तारीख. ते पान ज्या दिवसाचं होतं, तो दिवस बरोबर मध्ये.

"पण मूळ पावती तुमच्या माणसाने तेव्हाच नेली की," काका म्हणाले. "मागे बघा, सही घेतलीये. मी फुकट कोणाला कागद देत नाही."

मागे लिहिलं होतं: मूळ प्रत मिळाली. खाली सही. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळवलेली, तिच्याखाली दोन टिंबं. बाबा गेल्यावर माझ्या प्रगतिपुस्तकावर दर परीक्षेनंतर हीच सही असायची. तारीख मी कबुली दिली त्याच्या चार दिवस आधीची.

मीही सही करून ती प्रत घेतली आणि परतताना तिच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक कॉलेजातल्या कपाटात कुलूपबंद केली, दोन पर्समध्ये वेगवेगळ्या कप्प्यांत.

संध्याकाळी दादाकडे गेले. वहिनीने चहा ठेवला आणि म्हणाली, "या बहीणभावांना कागद खायला दिले तरी चालतील." ती आत गेल्यावर मी कार्बनची प्रत टेबलावर उलटी ठेवली, सही वर. कागदावरचा हात मी उचलला नाही.

दादाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मी ती आधी व्यवस्थापकाला नेऊन दाखवली," तो म्हणाला. "वाटलं, घाबरेल आणि तक्रार मागे घेईल. खटला तिथेच मिटेल."

"मग?"

"बघू म्हणाला, आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. परत मागितली तर म्हणतो, कसली पावती?"

"झेरॉक्स?"

"काढली नव्हती." ऑफिसात कोणी झेरॉक्स न काढता मूळ कागद हातचा सोडला, तर दादा त्याला दिवसभर फाडून खायचा.

"आणि ही दुसरी प्रत? पुन्हा दुकानात का नाही गेलास?"

"गेलो असतो, तर पहिलीचं काय केलं ते सांगावं लागलं असतं. साहेबांना, तुला. नोकरी गेली असती."

"बदल्यात तुला काय मिळालं?"

"चहा," तो म्हणाला. "बिनसाखरेचा. देवाशप्पथ, दुसरं काही नाही."

त्याच वर्षी कारखान्याची सगळी कोर्टाची कामं दादाच्या साहेबांकडे आली होती. मी ते बोलून दाखवलं. त्याने मान हलवली. त्याचा याच्याशी संबंध नाही, असं म्हणाला. नसेलही. एकाच रीडिंगवरून मी निष्कर्ष काढत नाही.

"अकरावा भर," मी म्हणाले.

त्याने पेनाचं टोपण काढलं. मग लिहिलं: मूळ पावती गहाळ झाली.

"गहाळ?"

"अगं, माझी नोकरी जाईल."

"माझी गेली."

त्याने पांढऱ्या शाईच्या बाटलीकडे हात नेला. मी बाटली माझ्या बाजूला ओढली.

"एक रेघ मार. बाजूला आद्याक्षरं, तारीख."

"अर्ज घाण दिसेल."

"दिसू दे."

त्याने रेघ मारली. खाली लिहिलं: मूळ पावती मी, अर्जदाराच्या भावाने, तिने कबुली देण्यापूर्वी कारखान्याच्या व्यवस्थापकाला दिली. बहिणीला सांगितले नाही. दुकान बंद असल्याचेही खोटे सांगितले. मग सही केली, शेपटी, दोन टिंबं, आणि अर्जाची घडी घालायला लागला.

"दे, सोमवारी मीच देऊन टाकतो कोर्टाच्या खिडकीवर. तुझी सुट्टी कशाला मोडायची?"

मी त्याच्या हातातून अर्ज घेतला. "मी जाते."

"आता इतकाही विश्वास नाही का?"

मी अर्ज पर्समध्ये ठेवला. चहा थंड झाला होता, तो संपवला.

सोमवारी खिडकीतल्या बाईने अकराव्यावर बोट ठेवलं. "खाडाखोड आहे. नवीन अर्ज भरून आणा."

"खोडलेलं वाचता येतंय का?" मी विचारलं.

तिने कागद जवळ धरून आधी खोडलेलं वाचलं, मग खालचं. नंतर मान वर करून माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागेही पाहिलं. मागे, दोन माणसं सोडून, दादा रांगेत उभा होता. तो येणार असल्याचं मला बोलला नव्हता.

"हेच भाऊ का?" बाईने विचारलं.

"हो."

तिने शिक्का मारला. पोच मी हातात घेतली, तारीख तपासली, क्रमांक तपासला, आणि तिथेच बाजूला उभी राहून पोचेचा फोटो काढला. मग दादाने पोच पाहायला मागितली, तेव्हा त्याला फोटो दाखवला.