सहा तास आधी वाजलेली घंटा

तुम्पे या मुलीच्या संगणक-छंदमंडळाची खोली राहणार की तिथे मक्याची पोती रचली जाणार, हे त्या दिवशी ग्रामसभेत ठरायचे होते. सभा आठ वाजता होती, म्हणून मंडळाने तळहाताएवढ्या संगणकाला भोंगा जोडून त्यावर आठाची घंटा लावली होती.

सकाळचा चहा हातात असतानाच भोंगा गर्जला. केळीच्या बागांतून माणसे सभेकडे धावत सुटली.

"अगं, आपण तास सूर्योदयापासून मोजतो," निवृत्त मास्तर म्वाइसाका हसत म्हणाले. "आपले आठ म्हणजे यंत्राचे दुपारचे दोन. हे तुझ्या यंत्राला कोण सांगणार?"

तुम्पेचा चेहरा उतरला. खोली गेलीच, असे तिला वाटले.

अध्यक्षा सिकुजुआबाईंनी गर्दीवरून नजर फिरवली. "बारा वर्षं दर सभेला मी दुपारभर तुमची वाट बघते. आज तर म्वाकालिंगासुद्धा आलाय, तोही एका चपलेवर!"

हशा पिकला.

"आलाच आहात, तर सभा आत्ताच. खोली मंडळाला द्यायची का?"

चहाचे पेले सावरत सगळ्यांनी हात वर केले.

"घंटा दुपारवर घेऊ ना, बाई?" तुम्पेने भीतभीत विचारले.

"हात लावून तर बघ!"