दाराआडची कसोटी

निजामाच्या पोलिसांतल्या अमीनसाहेबांनी जप्त केलेला दत्तरावांचा रेडिओ अमीनसाहेबच परत घेऊन आले, याचं पिंगळीत लय हसू झालं. चौकीत त्यांनी तो लावून बघितला होता. ऑस्ट्रेलियातून हिंदुस्थानच्या कसोटीचं वर्णन यायचं, पण सगळं इंग्रजीत. नि गावात इंग्रजी कळणारं माणूस एकच, दत्तरावांची बायको नर्मदा. पुण्याच्या कॉलेजात शिकलेली.

तिरंगा लावला म्हणून दत्तराव महिनाभर आत राहून आले होते. घरातल्या कुणी गाव सोडायचं नाही, या बोलीवर सुटका. हजेरी घ्यायच्या निमित्तानं अमीन रोज सकाळी येत नि बैठकीत रेडिओ लावून बसत. परपुरुषासमोर सुनेनं यायचं नाही. म्हणून नर्मदा माजघराच्या दाराआडून खेळ सांगे.

रझाकारांनी शेजारचं गाव जाळलं तेव्हा तिनं ठरवलं, तान्ह्या सुमीला तरी निजामाच्या हद्दीबाहेर, मनमाडला, माहेरी पोचवायचं. गाडी साडेनऊची. आज सासूबाई, धुरपताबाई, लेकराला काखेत मारून शेताला निघाल्यासारख्या मागच्या दारानं गेल्या. "तू बोलत राहा," एवढंच म्हणाल्या.

"बाई, लेकराचा आवाज न्हाई आज?" बैठकीतून अमीन.

"झोपलंय."

"बरं हाय. हा पठ्ठ्या बाद झाला की मी उठतो. गाडी तपासायचीय. परवा एक कुटुंब निसटलं, माझी नोकरीच जायलती."

नर्मदेनं घड्याळ पाहिलं. नऊ वीस. तेवढ्यात रेडिओतला गोरा ओरडला, टाळ्या कडाडल्या. पठ्ठ्याचा त्रिफळा उडाला होता.

"काय झालं?"

"चौकार."

"वा रे गब्रू. दत्तराव, सुपारी काय कातरायलाव? तुमचा हिंदुस्थान खेळायलाय."

मग तिनं त्याला खेळवतच ठेवलं. एक धाव. दोन धावा. हा सोडून दिला. रेडिओवर नव्या खेळाडूचं नाव आलं की ती खोकायची. दत्तरावांचा अडकित्ता थांबला होता. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण बायकोचा खोकला ओळखू येत होता.

शिट्टी झाली. डबे परभणीच्या दिशेनं खडखडत गेले.

"गेली गाडी," म्हणत अमीननं टोपी उचलली. "ठेसनात फेरी मारून येतो."

ठेसनात कुणीही सांगितलं असतं, धुरपताबाई नातीला घेऊन चढल्या. परभणीला तार करायला कितीसा वेळ?

"षटकार," नर्मदा म्हणाली.

टोपी पुन्हा गादीवर पडली.

तिची चोळी दुधानं भिजली होती. गाडी परभणी सोडून पुढं निघायला अजून अर्धा तास तरी हवा होता. तोवर हा मेलेला गडी जिवंत ठेवायचा होता, नि कधी ना कधी मुंबईचा पेपर अमीनच्या हाती लागणारच होता.

"बाई, किती झाल्या त्याच्या?"

नर्मदेनं दाराला कपाळ टेकलं.

"अठ्ठ्याण्णव."

"मग आता कोन उठतंय?" अमीन म्हणाले नि मांडी घालून बसले.