बोराएवढे लाडू

पिवळी परात.

आईच्या नाकाला बांधलेला रुमाल.

बोराएवढे वळायचे, मोठे नाहीत.

बोटं चाटायची नाहीत. हे तिने दोनदा सांगितलं होतं.

वरच्या फळीवरचा डबा, एक चमचा.

आई जाऊन चार महिने झाले होते आणि तिच्या कणकेच्या लाडवांचं एवढंच माझ्याकडे उरलं होतं. बाबा धड जेवत नव्हते. सकाळी दुरुस्तीला आलेल्या घड्याळावरून मान वर न करता म्हणाले, "तिचे लाडू जमतील का गं तुला?" त्यांनी काही मागितलं हेच खूप होतं. मी कणीक तुपात भाजली, पिठीसाखर घातली, वरच्या फळीवरचा डबा काढला. पांढरी पावडर, वास नाही. दूधपावडरच असणार. दुधाचा हात लावून वळले. चाखले नाहीत. बोटं चाटायची नाहीत.

बाबांना वाटीत तीन नेऊन दिले. मग वेलची राहिली की काय, म्हणून मावशीला फोन लावला.

"घालायची की चिमूटभर. पण तुझा आवाज असा का येतोय?"

"नाकाला रुमाल बांधलाय. आई बांधायची ना, लाडू करताना."

"लाडू करताना? छे. लाडू करताना ती निम्मे तोंडात टाकायची. नाक बांधायची ते झुरळांच्या गोळ्या करताना. बोरिक पावडर उडते ना."

मला पुढचं आठवलं. आईने ते बोराएवढे गोळे ताटात ठेवलेच नव्हते. वाकून सिंकखाली सारले होते, फ्रीजमागे सारले होते.

मी फोन तसाच ओट्यावर टाकला.

बाहेरच्या खोलीत वाटी रिकामी होती. बाबा डोळ्याला भिंग लावून एक स्क्रू शोधत होते.

"बाबा, किती खाल्लेत?"

"दिलेस तेवढे. तिच्यासारखे नाही जमले. पण तुला वाईट वाटेल म्हणून संपवले."

"उठा. चप्पल घाला."

"एवढं काय मनाला लावून घेतेस? पुढच्या वेळी जमतील."

त्यांचा हात गार लागला. नेहमीच गार असतो का? आठवेना. चमचा एक घातला की दोन? आठवेना. डबा काखेत मारून मी त्यांना जिन्यावरून खाली ओढत होते आणि ते म्हणत होते, सावकाश गं, सावकाश. तिसऱ्या पायरीवर ते थांबले. पोटावर हात ठेवला.

बाबा त्यानंतर सात वर्षं जगले.