दोनशे चौदा प्रश्न

ग्रामीण सेवा विभागाचे उपसचिव कॅलम ऑरमंड आणि सिनेटर रोवेना पेंगिली यांची पहिली गाठ पडली ती खुर्च्यांवरून. विभागात माणसं नव्वद आणि खुर्च्या तीनशे चाळीस, हे तिने कुठल्याशा कागदातून हुडकून काढलं होतं. मग भर सुनावणीत तिने विचारलं, उरलेल्या अडीचशे खुर्च्यांवर कोण बसतं? ऑरमंड म्हणाले, "माहिती घेऊन लेखी कळवतो." राजधानी कॅनबेरातला अधिकारी हे वाक्य तोंडपाठ करूनच नोकरीला लागतो. रोवेनाला त्याची मनस्वी चीड होती. उत्तर समोरच्या फायलीत असलं तरी हे लोक असंच म्हणतात, असं तिचं ठाम मत होतं, आणि ते खरंही होतं. म्हणून दर वेळी ती विचारायची, "कधी कळवता? तारीख सांगा."

त्याला अकरा वर्षं झाली. वर्षातून तीनदा सुनावण्यांचे दिवस आले की ती जाडजूड फायली घेऊन समितीत येऊन बसायची. एका खात्याच्या भाड्याच्या कुंड्या तिने पकडल्या, दुसऱ्याचं बंद पडलेलं कारंजं पकडलं. तिसऱ्या खात्यात तर कर्मचारी कमी कसे करावेत याचा विचार करायला चार जादा माणसं नेमलेली सापडली. तिला समोर बघितलं की अधिकाऱ्यांची पाचावर धारण बसायची. तिला ना पक्ष होता, ना पक्षश्रेष्ठी. ती कोणाच्या बापाला भीत नसे, आणि स्वतःच्या बापाचं तिला फार होतं.

बाप म्हणजे क्लॅरी पेंगिली, वय चौऱ्याऐंशी, मुक्काम पोर्ट टॅम्ब्लिन. गावच्या गव्हाच्या कोठारावर चाळीस वर्षं वजनकाटा सांभाळून निवृत्त झालेला. बायको गेल्यापासून एकटाच राहायचा. दर मंगळवारी धक्क्यावर गळ टाकून झाला की बेकरीतून मटण-बटाटा भरलेली एक पेस्टी घ्यायचा आणि शेजारच्या सरकारी कार्यालयात जाऊन बसायचा. कार्यालय म्हणजे एक खोली, एक काउंटर, काउंटरमागे ट्रूडी लीब्के नावाची बाई आणि येणाऱ्यांसाठी दोन खुर्च्या. एका खुर्चीवर क्लॅरी बसे, दुसरीवर पेस्टी. गावातल्या म्हाताऱ्यांचे पेन्शनचे अर्ज, अॅडलेडच्या दवाखान्याला जाण्याचा प्रवासखर्च, कानातल्या यंत्राचे सेल, सगळं ट्रूडी बघायची. सरकारकडून आलेली पत्रं वाचून त्यांचा अर्थ सांगायची, आणि ते काम सर्वांत अवघड होतं.

बायकोच्या दफनानंतर रोवेनाने अॅडलेडच्या वृद्धाश्रमाचा विषय काढला होता. तेव्हा क्लॅरीने एकदाच काय ते सांगून टाकलं. "ट्रूडी आहे तोवर मी माझ्या घरात राहणार. ती गेली की तू म्हणशील तिथे येतो. फोनवरच्या यंत्राशी बोलायला मी काही खुळा नाही." तो विषय पुन्हा निघाला नाही.

आता फेब्रुवारीत काय झालं, तर रोवेनाने विभागाला एक साधा प्रश्न घातला. दिवसाला दहापेक्षा कमी माणसं येतात अशी कार्यालयं किती, आणि तिथे कर्मचारी किती? तिच्या डोळ्यांसमोर शहरातली काचेची कार्यालयं होती, जिथे माणसांपेक्षा कुंड्या जास्त. एप्रिलमध्ये यादी आली. पहिलंच नाव पोर्ट टॅम्ब्लिन. येणारी माणसं सहा, कर्मचारी एक.

सोबत ऑरमंड यांचं पत्र होतं. सिनेटर पेंगिली यांनी व्यक्त केलेल्या चिंतेची गंभीर दखल घेऊन सदर कार्यालय तीस जूनपासून बंद करण्यात येत आहे, असं त्यात लिहिलं होतं. असली कार्यालयं बंद करायचं विभागाच्या मनात कितीतरी वर्षं होतं, पण गावकऱ्यांच्या तोंडी कोण लागणार? आता सुंठीवाचून खोकला गेला. एका वर्तमानपत्राने तर रोवेनाचं अभिनंदन केलं, फोटोसकट.

रविवारी वडिलांचा फोन आला.

"तूच विचारलंस ना गं?"

"डॅड, मी शहरातल्या ऑफिसांबद्दल विचारत होते."

"प्रश्नात तसं लिहिलं होतंस?"

नव्हतं लिहिलं. क्लॅरीने चाळीस वर्षं वजनकाटा सांभाळला होता. चिठ्ठीवर जे लिहिलं ते वजन, शेतकऱ्याच्या मनात काय होतं याला तिथे किंमत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एवढंच विचारून त्याने फोन ठेवला, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण रोवेना हातपाय गाळून बसणारी नव्हती. तिच्या कार्यालयातल्या नेरिदा नावाच्या सहायिकेने विभागाची जुनी परिपत्रकं उपसली आणि एक नियम शोधून काढला. एखाद्या कार्यालयाबद्दल सिनेटचा एक जरी प्रश्न अनुत्तरित असेल, तर तो निकाली निघेपर्यंत तिथला कागद आणि तिथला माणूस हलवता येत नाही. नियम ऑरमंड यांनीच लिहिलेला होता, अकरा वर्षांपूर्वी, खुर्च्यांच्या भानगडीनंतर.

नेरिदाचं म्हणणं होतं, एक प्रश्न टाकला की झालं. रोवेना म्हणाली, एक टाकला तर जेवणाच्या सुट्टीआधी उत्तर येईल आणि दुपारी कुलूप लागेल. तीन दिवस खपून तिने दोनशे चौदा प्रश्न लिहिले. कार्यालयात तासागणिक किती माणसं येतात. खिडकी कोणत्या दिशेला आहे. पाच वर्षांत प्रिंटरला शाईची किती काडतुसं लागली. क्रमांक एक्केचाळीस, येणाऱ्यांसाठी खुर्च्या किती. क्रमांक एकशे त्रेसष्ट, किती अर्ज पडून आहेत आणि का. शेवटी शेवटी तर भिंतीच्या रंगाबद्दलही विचारून झालं.

तीस जूनची तारीख पुढे गेली. पोर्ट टॅम्ब्लिनला लोकांनी आनंद केला, आणि रोवेनानेही बऱ्याच महिन्यांनी सुखाची झोप घेतली.

जुलैत ती गावी गेली तेव्हा न्हाणीघरातली फरशी तिला फार निसरडी वाटली. भिंतीला धरायला दांडा बसवून घे, सरकार फुकट देतं, असं तिने वडिलांना बजावलं. अर्ज ट्रूडीकडेच करायचा होता. क्लॅरी म्हणाला, मंगळवारी करतो. पुढच्या रविवारी तिने फोनवर विचारलं तर म्हणाला, ट्रूडी कामात आहे, पुढच्या मंगळवारी बघू. त्याच्या पुढच्या रविवारी पण तेच.

"चिठ्ठीवर लिहून काचेखालून सरकवलंय," तो म्हणाला. "वेळ मिळाला की बोलावते म्हणाली."

"असू दे डॅड. ऑफिस वाचलं हे महत्त्वाचं."

"हो. ऑफिस आहे जागेवर."

तिला त्या वाक्यात जे ऐकायचं होतं तेवढंच तिने ऐकलं.

सप्टेंबरात क्लॅरी न्हाणीघरात पडला. खुब्याचं हाड मोडलं. अॅडलेडला शस्त्रक्रिया झाली आणि तिथूनच त्याला वृद्धाश्रमात हलवलं, तात्पुरतं म्हणून. साबणावरून पाय घसरला, असं तो सगळ्यांना सांगायचा, जणू चूक साबणाची. खिडकीबाहेर गाड्या ठेवायची जागा होती. त्या गाड्यांकडे बघत त्याने मुलीला विचारलं, "ट्रूडी आहे ना अजून?"

"आहे."

"मग मी घरी जाणार."

ऑक्टोबरची सुनावणी आली. ऑरमंड समोर बसले होते, पुढ्यात विटेएवढी फाईल. दोनशे चौदाही उत्तरं जवळजवळ तयार आहेत, महिनाअखेर एकदमच सादर करू, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे महिनाअखेर कुलूप. हे रोवेनाला कळत होतं, आणि तिला कळलंय हे ऑरमंड यांनाही कळत होतं. तिने ठरवलं, कार्यालय किती उपयोगाचं आहे ते इथेच, सगळ्यांसमोर वदवून घ्यायचं.

"क्रमांक एकशे त्रेसष्ट," ती म्हणाली. "किती अर्ज पडून आहेत? आत्ता सांगा. लेखी नको."

ऑरमंड यांनी पान काढलं आणि वाचलं, "प्रलंबित अर्ज एक. न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवण्याबाबत. विलंब अकरा आठवडे. विलंबाचे कारण, कार्यालयातील एकमेव कर्मचारी सिनेटच्या दोनशे चौदा प्रश्नांची उत्तरे तयार करत असल्याने काउंटर बंद ठेवण्यात आले."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. ऑरमंड हसले नाहीत. पानावर अजून एक ओळ होती, आणि ती वाचावी की नाही अशा विचारात ते क्षणभर थांबल्यासारखे वाटले. मग त्यांनी वाचली.

"अर्जदार आता सदर पत्त्यावर राहत नसल्याने अर्ज निकाली काढण्यात आला आहे."

रोवेना पाणी प्यायली. तिला लाज वाटली, अशी की मान वर करवेना. अकरा वर्षं तिने या खोलीत दुसऱ्यांना त्यांच्या चुका मोठ्याने वाचायला लावल्या होत्या. वडिलांनी अकरा मंगळवार बंद काचेसमोर खुर्चीवर बसून काढले, आणि एका रविवारीही तोंडातून काढलं नाही की हे सगळं तुझ्या प्रश्नांमुळे आहे.

अध्यक्षांनी विचारलं, सिनेटरना आणखी काही विचारायचं आहे का. या बाईंना हे विचारायची वेळ त्यांच्यावर पूर्वी कधी आली नव्हती.

"निकाली काढलेला अर्ज पुन्हा उघडता येतो?" तिने विचारलं. तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"येतो, सिनेटर. अर्जदाराला काउंटरवर जावं लागतं, किंवा मुलामुलींपैकी कोणाला तरी." ऑरमंड यांनी चष्मा सारखा केला. "काउंटर उघडं असेल तर."

"मग मी माझे प्रश्न मागे घेते."

खोलीत कुजबुज झाली. नेरिदाने मागून तिच्या खुर्चीला हलकेच हात लावला. प्रश्न मागे घेतले की नियम संपला, आणि कार्यालयही संपलं. ऑरमंड यांना हे सांगायची गरज नव्हती, नियम त्यांचाच होता.

"सगळे?" त्यांनी विचारलं.

"एक सोडून. क्रमांक एक्केचाळीस."

ऑरमंड यांनी फाईल चाळली आणि पान काढलं. ट्रूडीने टाइप केलेलं उत्तर रोवेनाला समोरून उलटं दिसत होतं. एकच शब्द होता. तो दिसला नसता तरी चाललं असतं.

"पोर्ट टॅम्ब्लिनच्या कार्यालयात येणाऱ्यांसाठी खुर्च्या किती आहेत?" तिने विचारलं.

ऑरमंड यांनी पानाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग चष्मा काढला आणि फाईल मिटली.

"माहिती घेऊन लेखी कळवतो," ते म्हणाले.

"सावकाश कळवा," रोवेना म्हणाली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिने तारीख मागितली नाही.