आरपार

माझ्या नवऱ्याच्या नाकातून दोरा आरपार जातो. डाव्या नाकपुडीतून घातला की उजवीतून निघतो, कारण मधला पडदाच जागेवर नाही. पूर्वी पाहुणे जमले की हे तो खेळ करून दाखवायचे. मुलं टाळ्या पिटायची, बायका तोंड फिरवायच्या आणि मी आत जाऊन भांडी आपटायचे. "अगं, गंमत आहे," म्हणायचे. कसली डोंबलाची गंमत!

हे क्रोम चढवतात. नळ, सायकलींची हँडलं, गाड्यांच्या दारांच्या मुठी, दवाखान्यातले ट्रे, जे जे म्हणून चकाकतं त्याच्यावरचा शेवटचा थर ह्यांच्या हातचा. माल आधी घासून गुळगुळीत करतात, मग त्यावर निकेल चढतं आणि सगळ्यात शेवटी तो ह्यांच्या टाकीत उतरतो. टाकीतलं पाणी गडद तांबडं, काळपटच म्हणा ना. पिंपातून लालभडक पापुद्रे येतात, ते पाण्यात विरघळवून आणि गंधकाच्या तेजाबाचे मोजके थेंब घालून ते तयार होतं. त्यातून हे जो नळ काढतात त्यात बघून खुशाल दाढी करावी. कारखान्यात ह्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. सगळे 'आरसा' म्हणतात, आणि ह्यांनाही ते आवडतं.

लेकीला आम्ही लवंगी म्हणतो. एवढीशी होती तेव्हापासून तडतडी. रसायनशास्त्र शिकली, आणि कुठं तरी प्रयोगशाळेत बसायचं सोडून बापाच्या शेजारी टाकीवर जाऊन उभी राहिली. मी पुष्कळ आकांडतांडव केलं. "मला बाबांसारखी चमक काढायचीय," एवढं एकच तिचं पालुपद. बापाला तर आभाळ ठेंगणं झालेलं. माझं कोण ऐकतो?

एकदा मी ह्यांचे कामाचे कपडे भिजवत होते. ते मी वेगळे धुते, कारण पहिलं पाणी पिवळंजर्द निघतं आणि शर्टांना बारीक भोकं पडलेली असतात. लवंगीनं कारखान्यातून आणलेली पांढरी पूड त्या बादलीत टाकली. आगकाडी ओढल्यावर येतो तसा वास आला आणि पिवळं पाणी बघता बघता हिरवट झालं.

"हे पिवळं म्हणजे भुकेलं क्रोम, आई," ती म्हणाली. "जे भेटेल त्याच्याकडून ओरबाडून घेतं. कापड असो, कातडं असो. पोट भरलं की हिरवं होतं, मग फारसं कुणाच्या वाटेला जात नाही. आणि नळावर चढून बसलं की मग तर अगदी साधुसंत."

"आणि नाकात जातं ते?"

"ते भुकेलं."

मग तिनं मला समजावून सांगितलं. टाकीत वीज सोडली की त्यातला थोडासाच वाटा धातू चढवायच्या कामी येतो. बाकीची सगळी वीज पाण्यातून बुडबुडे काढण्यात जाते. बुडबुडे वर येऊन फुटतात आणि प्रत्येकाबरोबर टाकीतलं थोडं हवेत उडतं. ते इतकं बारीक असतं की धुकं वाटतं. टाकीवर वाकलेला माणूस दिवसभर तेच हुंगतो.

"एवढं कळतं तर तिथं उभी कशाला राहतेस?"

"पंखा आहे ना टाकीला," ती म्हणाली.

टाकीच्या काठाला ते धुकं ओढून बाहेर फेकणारा पंखा आहे, ही गोष्ट खरी. पण तो चालू केला की टाकी गार पडते, आणि गार टाकीत क्रोम चढतं ते राखेसारखं करडं. म्हणून तो बंद. मालकानं बंद ठेवला असता तर मी त्याच्या नावानं खडे फोडले असते. पण तो ह्यांनीच बंद ठेवलेला. मालक बिचारा कशाला नको म्हणतोय!

आणि त्या कारखान्यातल्या लोकांची एक समजूत. नवा माणूस टाकीवर आला की काही दिवसांनी त्याचं नाक चुरचुरतं. मग आत जखम होते, खपल्या धरतात, रक्त येतं, शिंक आली तरी डोळ्यांत पाणी उभं राहतं. असं बरेच दिवस चालतं, आणि एक दिवस पडद्याला भोक पडतं. भोक पडलं की दुखणं थांबतं. मग त्याच्या पाठीवर थाप मारून सगळे म्हणतात, "सुटलास!" त्यांच्या लेखी जखम हा आजार आणि भोक हा त्यावरचा इलाज. हे स्वतः तसेच सुटलेले, आणि ह्यांनी अशा कित्येकांची पाठ थोपटलेली.

त्यामुळं लवंगीच्या उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग दिसले तेव्हा मला वेगळं काही विचारावं लागलं नाही. ह्यांनी बॅटरी घेतली, तिचं डोकं मागं करून नाकात बघितलं आणि गाडी दुरुस्त करणाऱ्यासारखी मान हलवली.

"होतंय. अजून थोडे दिवस सोस. एकदा आरपार गेलं की काही दुखत नाही."

"अहो, पोटची पोर आहे ती!" मी ओरडले. "काय बोलताय ते तुमचं तुम्हाला तरी कळतंय का?"

"सगळ्यांचं असंच झालंय."

मी दोघांनाही पुढं घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी लेकीचं नाक तपासलं, मग न सांगताच बापाचं. हे आपले नेहमीप्रमाणं, दुखायचं कसं आपोआप थांबतं ते बाईंना सांगायला लागले.

"थांबणारच," बाई म्हणाल्या. "दुखायला तिथं काही उरतच नाही. पडद्यातली कूर्चा, म्हणजे ते मऊ हाड, एकदा गेली की परत येत नाही. मुलीची अजून आहे. जखम खोल आहे, पण आरपार नाही. त्या वाफेपासून लांब राहिली आणि मलम लावलं तर भरून येईल." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "आणि हे नाकाशीच थांबतं असं समजू नका. पुढं छाती आहे. तिथं काय होतं ते दुखत नाही म्हणून कळतही नाही, फार उशिरा कळतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंखा सुरू केला आणि लवंगीला पलीकडच्या खोलीत माल कागदात गुंडाळायला बसवलं. टाकीकडे फिरकायचं नाही, अशी सक्त ताकीद दिली. खरं सांगते, इतक्या वर्षांच्या संसारात त्या माणसाबद्दल मला त्या दिवसाइतकी माया कधी वाटली नव्हती.

त्याच वेळी दवाखान्यातल्या पलंगांच्या कठड्यांचं मोठं काम कारखान्यात आलं होतं. ह्यांच्या टाकीतून दांड्या निघायला लागल्या त्या करड्या, काही तर टोकांना जळल्यासारख्या. पहिला माल परत आला. दुसराही आला. मालक टाकीशी येऊन म्हणाला, "काय आरसा, पारा उडाला वाटतं?" सगळे हसले. हे घरी येऊन जेवायला बसायचे आणि ताटाकडे नुसतं बघत राहायचे. त्यांनी पंख्याच्या तोंडाशी झडप बसवून बघितली, ती अर्धी उघडून बघितली, पाव उघडून बघितली. दुसरा हीटर मागितला, तर मालक म्हणाला बघू. लवंगी हे सगळं बघायची आणि नाकाला मलम लावून मुकाट झोपायची. तडतडणारी पोर एवढी शांत कशी, असं माझ्या मनात यायचं. पण दुखत असेल म्हणून मी विचारलं नाही.

आणि एके दिवशी हे उड्या मारतच घरी आले. "जमलं! पंख्यासकट चमक काढली! झडप पाव उघडी ठेवायची, हीच त्यातली मेख." सकाळी टाकी तापेपर्यंत काही दांड्या करड्या निघायच्या, पण दुपारचा माल लख्ख, आणि बाहेर गेलेला माल परत येईनासा झाला. मालकानं सगळ्यांसमोर पाठ थोपटली. हे घरात गाणं गुणगुणत फिरायला लागले. मला म्हणाले, "तुझ्यामुळं झालं हो. तू ओरडली नसतीस तर मी आयुष्यभर तो पंखा बंदच ठेवला असता."

मग ती संध्याकाळ. हे जेवत होते. मी मलमाची डबी घेऊन लवंगीकडे गेले, तर ती म्हणाली, "आज नको, आई. आता मुळीच दुखत नाही."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "ऐकलंत का हो? भरलं एकदाचं नाक," मी ह्यांना म्हणाले.

ह्यांचा घास हातातच राहिला होता.

"कधीपासून दुखत नाही?" त्यांनी विचारलं.

"कालपासून."

"हळूहळू कमी झालं, की एकदम थांबलं?"

लवंगी खाली बघायला लागली. ह्यांनी ताट बाजूला सारलं.

"पंखा बंद करत होतीस?"

मग सगळं बाहेर आलं. दुपारी हे इतरांबरोबर बाहेर अंगणात जेवायला बसत, तेव्हा ही आत जाऊन पंखा बंद करायची, टाकी तापू द्यायची आणि सकाळच्या करड्या दांड्यांवरचं क्रोम उतरवून त्या पुन्हा टाकीत सोडायची. घाईत वाकून, एकटीनं. झालेल्या दांड्या ह्यांच्या ढिगात ठेवून द्यायची. हे परतायच्या आत पंखा पुन्हा सुरू. तोवर टाकी चांगली तापलेली असायची, त्यामुळं ह्यांच्या हातचा दुपारचा मालही झकास निघायचा. झडपेचा आणि त्या चमकेचा काडीचाही संबंध नव्हता.

"तुम्हाला सगळे हसत होते, बाबा," ती म्हणाली. "मला नाही बघवलं."

तिला मारावं की कवटाळावं ते मला कळेना.

"आणि आता एवढं तोंड पाडून का बसलात दोघं?" तीच आमची समजूत काढायला लागली. "व्हायचं ते होऊन गेलं. आता आरपार गेलंय, आता काय व्हायचं राहिलंय? आता मी टाकीवर उभी राहिले तरी चालेल. तुम्हीच तर सगळ्यांना सांगता."

ह्यांनी तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं किती जणांना सांगितलेलं ते वाक्य आज त्यांना पोटच्या पोरीकडून ऐकावं लागलं.

"छाती राहिलीय," हे म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

सकाळी लवंगी डबा घेऊन निघाली, तर हे दारातच खुर्ची टाकून बसलेले. कामाचे कपडे घातले नव्हते.

"सरका ना, बाबा. उशीर होतोय."

"जायचं नाही. तूही नाही, मीही नाही."

"मालक काय म्हणेल?"

"म्हणेल, म्हाताऱ्याला आता जमत नाही. म्हणू दे."

ती हुज्जत घालायला लागली, मग रडायला लागली. हे जागचे हलले नाहीत. मला त्यांचा राग आला होता, तो अजूनही आहे. पण त्या खुर्चीवरून उठा म्हणायला मी गेले नाही.