के-चिआपचा रांजण

मी एक जुना रांजण आहे, मित्रांनो. माझ्या वासाने नाक मुरडलंत तरी चालेल, मला त्याची सवय आहे. चीनमधल्या झांगझोऊजवळच्या भट्टीत भाजून निघालो आणि समुद्रकाठी ग्वी हाय-थोंच्या अंगणात आलो. ते माझ्यात मासे आणि मीठ भरायचे, वर्षभर उन्हात मुरवायचे आणि उतरलेला तपकिरी रस गावाला पुरवायचे. त्यांच्या बोलीत त्याला के-चिआप म्हणतात.

त्यांच्या मुलाला, बेंग-हुईला, ही बोली बोलल्याबद्दल शाळेत भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. पुढे तो इंग्रजीचा मास्तर झाला. “माझ्या मुलीसमोर ही गावंढळ भाषा नको,” असं त्याने बापालाच बजावलं. हाय-थोंना दुसरी भाषा येत नव्हती. नात शाओयुन त्यांच्या शेजारी बसून जेवायची आणि दोघंही गप्प असायची.

एक दिवस बेंग-हुई शाओयुनला आणि विद्यार्थ्यांना घेऊन अंगणात आला. त्याने माझं झाकण काढलं.

“केचप चाटूनपुसून खाता ना? मग ऐका! आपले खलाशी हा रस दक्षिणेच्या बंदरांत न्यायचे. तिथे इंग्रजांना चटक लागली. पुढे त्यातले मासे गेले, टोमॅटो आला, नाव तेवढं राहिलं, असं जाणकार सांगतात.” मग तो बापाकडे वळून बोलीत म्हणाला, “बाबा, म्हणा ना तो शब्द!”

“के-चिआप,” हाय-थो हळूच म्हणाले.

टाळ्या पडल्या. शाओयुन डोळे मोठे करून पुढे सरकली. म्हातारा हरखला.

“ये गं पोरी, बोट बुडवून चाख. अगं, तुझी आजी ना…”

“पुरे, बाबा. तेवढाच शब्द हवा होता.”

सगळे गेले. झाकण जमिनीवरच राहिलं. मला कुणी क्षणभर उघडं ठेवलं तरी घर डोक्यावर घेणारे हाय-थो त्या दिवशी झाकणाकडे बघत राहिले आणि पाठ फिरवून आत गेले. पावसाचं पाणी शिरलं, अळ्या पडल्या, रस नासला. हिवाळ्यात ते वारले.

मला धुऊन फाटकापाशी ठेवलंय. येणारेजाणारे कौतुकाने फोटो काढतात माझे! मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस बोलू लागलं तर त्याला पुरे म्हणू नका.

शाओयुन कधीकधी येते, माझ्यात वाकून “के-चिआप” म्हणते आणि कान देऊन थांबते. तिला आजोबांचा तेवढाच शब्द येतो. मी रिकामा आहे, तोच तिला परत देतो.